यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वल पाहताना

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ग्रिझली पाहायचे असल्यास पहाटे किंवा संध्याकाळी मोकळ्या कुरणांवर दुर्बिणीतून नजर ठेवावी आणि नियमानुसार किमान ९१ मीटर अंतर राखावे. खांद्यांवरील उंचवटा आणि लांब नखे ही त्याची खूण. मुळे उकरताना ही नखे माती कशी उलथतात, हे अवश्य पाहावे. पिल्ले हिवाळ्यात गुहेत जन्मतात व दोन-तीन वर्षे आईबरोबर राहतात, म्हणून त्यांच्या मध्ये कधीही जाऊ नये. अचानक गाठ पडल्यास न पळता, अस्वलाला परतवणारा मिरचीचा स्प्रे हाती धरून सावकाश मागे सरावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अन्न उघड्यावर ठेवू नये, कारण माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला अनेकदा ठार करावे लागते आणि इतक्या संथ गतीने प्रजनन करणाऱ्या प्राण्यात एका मादीची हानीही भरून यायला वर्षे लागतात.