बेट्टा माशाच्या टाकीला फिल्टर लावायचा का?

बेट्टा वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो, म्हणून फिल्टर नको, असं बरेच जण सांगतात. श्वासापुरतं ते खरं आहे. पण विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून होणारा विषारी अमोनिया पाण्यातच साठतो, त्यामुळे माझं मत फिल्टर लावाच. 15-20 लिटरच्या टाकीला एअर पंपावरचा साधा स्पंज फिल्टर पुरतो. बुडबुडे मंद ठेवा. प्रवाह जोराचा असला की लांब पर ओढले जातात आणि बिचारा कोपऱ्यात दडून बसतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. आलं की एक बादली टाकीसाठी भरून ठेवा, क्लोरीन काढणारे थेंब घालूनच वापरा. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.