इंदूरला बिऱ्हाड हलवताना कोणते कागद हलवायचे?

जळगाव-धुळ्याकडून पिथमपूरच्या कारखान्यात किंवा इंदूरच्या बांधकामांवर आलेली कुटुंबं हमखास एक घाई करतात: गावचं रेशन कार्ड रद्द करून इथलं काढायला निघतात. तसं करू नका. जुनं जातं, आणि इथली पात्रता पर्ची (मध्य प्रदेशात धान्य मिळवायला लागणारी चिठ्ठी) हाती येईपर्यंत धान्य बाजारभावानं घ्यावं लागतं.

'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत महाराष्ट्राचं कार्ड इथल्या कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात चालतं. आधार किंवा कार्डाचा नंबर सांगा, मशीनवर अंगठा द्या. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. आई-वडील गावी असतील तर त्यांचा वाटा तिकडे, तुमचा इकडे उचलता येतो. राज्याच्या जादा वस्तू मात्र इथे मागू नका. केशरी कार्ड अन्नसुरक्षा यादीत नसेल तर काहीच मिळत नाही. ते गावीच तपासून, सगळ्यांची ई-केवायसी करून निघा. सिमेंटनं झिजलेला अंगठा मशीन नाकारतं, तेव्हा दुसरं बोट लावून बघा. तरीही अडलं तर १४४४५ या हेल्पलाइनवर फोन करा.

ही सोय नुसत्या दयेपोटी आलेली नाही. शहरांना बाहेरचे हात लागतात, आणि धान्य गावाला बांधलेलं असलं की मजुरीतला मोठा घास पोटातच जातो. चीननं १९५८ मध्ये हुकौनं, म्हणजे कुटुंबाच्या रहिवास-नोंदणीनं, माणसाला गावाशी जखडलं. १९७८ नंतर कारखान्यांनी त्याला शहरात ओढलं, पण मुलांची शाळा, दवाखान्याची सवलत बरीचशी गावच्याच नोंदीवर राहिली. २०१४ पासून ती गाठ सैल होतेय, मोठ्या महानगरांत सर्वात सावकाश. आपल्याकडे यायला बंदी नाही, कागद तेवढे मागे राहतात.

इथे कायमचं राहायचं ठरलं की समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक, लागतोच: कुटुंबाचा ८ अंकी, सदस्याचा ९ अंकी. आधी भाडेकरारावर आधारचा पत्ता बदला आणि चालू मोबाइल जोडून घ्या, कारण ओटीपी त्यावरच येतो. मग एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर अर्ज करा. खोली पिथमपुरात असेल तर जिल्हा धार, इंदूरचं झोन कार्यालय उपयोगाचं नाही. कामाची जागा इथे बघत नाहीत, राहण्याची बघतात.

सर्वात जास्त अर्ज नावावर अडकतात. सुनेच्या आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, असं असेल तर आधी आधार दुरुस्त करा. ती मध्य प्रदेशातलीच, म्हणजे बऱ्हाणपूरची वगैरे असेल तर तिचा आयडी आधीच असतो. नवा काढू नका, तोच सासरच्या कुटुंबात हलवून घ्या.

मतदार यादीसाठी फॉर्म ८. फॉर्म ६ नव्या मतदाराचा, तो भरलात तर नाव दोनदा चढतं.