उशाशी रिमोटवाला गजर-रेडिओ हवाय? असा शोधा

आधी दुकानात जाऊ नका. आधी पलंगावर आडवे व्हा, दिवा घालवा, आणि ज्यांच्यासाठी रेडिओ घ्यायचा आहे त्यांचा हात जेवढा पोचतो तेवढाच आपला हात पुढे करून बघा.

हे मला बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर कळलं. आमचं ठाण्याच्या नौपाड्यातलं घर जुनं, खोली लहान आणि बाबांचा ट्रान्झिस्टर कपाटावर. सकाळी उठल्याबरोबर आकाशवाणी लावायची आणि सातच्या सुमाराच्या प्रादेशिक बातम्या होईपर्यंत चहा संपवायचा, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. ऑपरेशननंतर वाकायला आणि अंग वळवायला मनाई झाली. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांची हळू आवाजात हाक आली, "अगं, उठली असशील तर जरा रेडिओ लावतेस का?" त्या 'असशील तर'मधला संकोच मला ऐकवेना. ठरल्या वेळी आपोआप लागणारा आणि पडल्या पडल्या रिमोटनं बंद करता येणारा रेडिओ शोधायला मी त्याच दिवशी सुरुवात केली. त्यात दोन महिने गेले. तुमचं काम दोन दिवसांत व्हावं म्हणून सगळं नीट लिहिते.

कोणतं स्टेशन ऐकायचं ते आधी ठरवा

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, पण अर्धी निवड इथेच होते. ठाणे आणि नवी मुंबईत एफएमवर आकाशवाणीचं एफएम गोल्ड १००.७ मेगाहर्ट्झवर आणि एफएम रेनबो १०७.१ वर लागतं, शिवाय खासगी स्टेशनं आहेतच. पण आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे मध्यम लहरींवर. आज बाजारात मिळणाऱ्या रिमोटवाल्या बहुतेक सेटमध्ये फक्त एफएम असतं. घरातल्या मोठ्यांना एफएम चालणार असेल तर तुमचं काम सोपं झालं. मध्यम लहरीच हव्या असतील तर खोक्यावर 'एएम' किंवा 'एमडब्ल्यू' लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो सेट कितीही देखणा असला तरी परत ठेवा.

वाशीला राहणाऱ्या माझ्या मावशीला जुनी गाणी हवी होती, म्हणजे एफएम पुरेसं होतं. तिच्यासाठी तयार सेट मिळाला. बाबांना अस्मिता हवी होती, त्यांच्यासाठी वेगळी जोडणी करावी लागली. ती पुढे सांगते.

गजर म्हणजे रेडिओ लागणं, नुसती पीं-पीं नव्हे

गोखले रोडवरच्या एका दुकानात मला घड्याळ, एफएम, ब्लूटूथ आणि रिमोट असं सगळं असलेला स्पीकर दाखवला. "ताई, यात सगळं आहे," दुकानदार म्हणाले. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांनंतरचा गजर लावून दाखवा ना." त्यांनी लावला. आम्ही दोघं त्या आकड्यांकडे बघत उभे राहिलो. वेळ झाली आणि पीं-पीं-पीं सुरू झालं. रेडिओ मात्र गप्प. यंत्रात रेडिओ होता आणि गजरही होता, पण गजराच्या वेळी रेडिओ लागायची सोय नव्हती. काकांनाही ते तोपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणून दुकानात कितीही गर्दी असली तरी ही दोन मिनिटं मागून घ्या. ऑनलाइन बघत असाल तर कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि 'वेक टू रेडिओ' असा पर्याय दिलाय का ते शोधा. गजराच्या वेळचा आवाज वेगळा ठरवता येतो का, तेही त्याच पानावर कळतं. काही सेट रात्री झोपताना जेवढा आवाज ठेवला तेवढ्यावरच सकाळी लागतात. रात्री कुजबुजीएवढा ठेवलेला रेडिओ सकाळी कमी ऐकू येणाऱ्या माणसाला उठवत नाही.

रिमोटनं नेमकं काय होतं ते विचारा

रिमोट आहे एवढ्यावर खूश होऊ नका. अंथरुणातल्या माणसाला त्यातून चार गोष्टी जमल्या पाहिजेत: रेडिओ चालू-बंद करणं, आवाज कमी-जास्त करणं, आधी साठवलेली स्टेशनं बदलणं आणि वाजणारा गजर थांबवणं किंवा थोडा पुढे ढकलणं. शेवटची गोष्ट बऱ्याच सेटमध्ये फक्त डोक्यावरच्या मोठ्या बटणानं होते. हात पोचत नाही म्हणून रिमोट घ्यायचा आणि गजर बंद करायला पुन्हा हातच लांबवायचा, याला काय अर्थ? माझ्या मते चौघांतली हीच पहिली अट.

बहुतेक रिमोट अवरक्त प्रकाशावर चालतात. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण वागतो साध्या प्रकाशासारखाच. मच्छरदाणीतून जातो, पांघरुणातून जात नाही, आणि लहान खोलीत पांढऱ्या भिंतीवर आपटून कधीकधी मागूनही पोचतो. सेटचं तोंड पलंगाकडे हवं आणि मध्ये पाण्याचा तांब्या किंवा औषधांचा डबा नको. रिमोट चालतोय का याची शंका आली तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच असू शकते, म्हणून पुढचाच वापरा.

नवीन रिमोट चालेना, तर त्याच्या खालून डोकावणारी पारदर्शक पट्टी ओढून काढलीत का ते बघा. या एका पट्टीपायी लोक सेट परत करतात.

हे पत्त्यासारखे चपटे रिमोट बहुतेकदा बटण-सेलवर चालतात. घरात लहान मूल असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलाच रिमोट घ्या. गिळलेला बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. तसं झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

शिवाय या रिमोटवरची बटणं सपाट असतात, अंधारात बोटाला सगळी सारखीच लागतात. मावशीच्या रिमोटवर 'बंद'च्या बटणाच्या वरच्या कडेला मी खड्याची टिकली चिकटवली. बरोब्बर बटणावर लावू नका, दाबताना निघते. आता ती चष्मा न लावता अंगठा फिरवते, खडा लागला की त्याच्या खाली दाबते.

कुठे शोधायचं

ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड आणि स्टेशन परिसर, नवी मुंबईत वाशीचं सेक्टर १७, एवढं फिरलात तर चांगला अंदाज येतो. मॉलमधल्या मोठ्या दुकानांत मला स्पीकर भरपूर दिसले, गजराचे रेडिओ जवळजवळ नाहीतच. जुन्या, घरच्यांनी चालवलेल्या दुकानांत "मागवून देतो" हे उत्तर मिळतं आणि ते खरंही निघतं. एवढं करून नाही मिळालं तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची. वाशीहून कुर्ल्याला आणि मग दादरला. रविवारी जाऊ नका, बहुतेक गाळे बंद असतात.

सेट वीजजोडणीवर चालणारा असेल तर मागे किंवा खाली भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं, चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. विजेवर चालणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळं सक्तीच्या नोंदणी आदेशात येतात. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते तिथल्या तिथे बघता येतं. रात्रभर डोक्याशी चालू राहणारी वस्तू आहे, एवढी चौकशी हवीच. बिल घ्या. दुकानदारानं हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

परदेशातून मागवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे माझ्या मावसभावानं अमेरिकेहून हौसेनं एक सुंदर सेट आणला होता. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. त्यासाठी आम्ही ट्रान्सफॉर्मर घेतला. पण रात्री दहाला लावलेलं घड्याळ सकाळी सहाला चार चाळीस दाखवत होतं. बाबा म्हणाले, "बिघडलाय." बिघडला नव्हता. काही गजर-रेडिओ विजेच्या लहरी मोजून वेळ ठरवतात. तिकडे सेकंदाला ६० लहरी, आपल्याकडे ५०, म्हणून घड्याळ दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, लहरी नाही. सेटच्या तळाशी ५०/६०चा खटका असेल तर प्रश्न सुटतो, त्याला नव्हता.

दुसरी अडचण स्टेशनांची. आपल्याकडे मध्यम लहरींवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर बसवलेली असतात, अमेरिकेत १०च्या. तिकडचा डिजिटल सेट ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो, आपलं ५५८ मधेच राहतं. एफएमवरही तिकडचे बरेच सेट फक्त विषम दशांशावर थांबतात, म्हणजे १००.७ लागेल पण १०६.४ नीट लागणार नाही. हा टप्पा बदलायची सोय आहे का, हे विचारल्याशिवाय नातेवाइकांना बॅगेत जागा करायला सांगू नका.

तयार सेट मिळालाच नाही तर

सीडी वाजवणाऱ्या जुन्या मायक्रो सिस्टिममध्ये रिमोट आणि टायमर दोन्ही असायचे. कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडली असेल तर मागून घ्या, दुरुस्त करून घेण्यासारखी वस्तू आहे.

बाबांसाठी मात्र त्यांचाच जुना ट्रान्झिस्टर कामी आला. त्याचं चालू-बंद फिरवायच्या बटणानं होतं, म्हणून वीज आली की तो आपोआप बोलू लागतो. तुमचा रेडिओ असा आहे का ते बघायचं तर तो चालू ठेवून पिन काढा आणि पुन्हा घाला. स्वतःहून लागला तर चालेल. डिजिटल सेट सहसा गप्प बसतात. सेलवरही चालणारा असेल तर आतले सेल काढून ठेवा, नाहीतर वीज तोडली तरी तो बोलतच राहील. मग दोन वस्तू आणायच्या. एक रिमोटवर चालणारं सॉकेट, तेही रेडिओ लहरींवरचं, कारण त्याचा रिमोट पांघरुणातूनही चालतो. दुसरी, आतल्या सेलवर घड्याळ चालू ठेवणारा डिजिटल टायमर.

क्रम महत्त्वाचा. भिंतीत रिमोटचं सॉकेट, त्यात टायमर, टायमरमध्ये रेडिओ. उलटं केलंत तर टायमरनं रोज वीज तोडल्यावर सॉकेट पुन्हा चालू व्हायचं विसरतं आणि सकाळी शांतता. काट्याचा टायमरही इथे नको, रिमोटनं बंद केलं की त्याचं घड्याळ थांबतं. बाबा सकाळी बातम्या संपल्या की रिमोटनं बंद करतात आणि रात्री झोपताना तेच बटण दाबून सॉकेट परत चालू ठेवतात. रात्रीचं हे बटण पहिले चार दिवस राहून जायचं, म्हणून रिमोट आता रात्रीच्या गोळ्यांच्या डबीतच असतो.

घरी आणल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत सगळ्या चाचण्या उरका. पहिली वीज जाण्याची. सेल घाला, गजर लावा, पिन दहा मिनिटं काढून ठेवा. परत लावल्यावर आकडे १२:०० वर लुकलुकत असतील तर सेल काहीच करत नाहीये. काही सेटमध्ये सेल फक्त वेळ सांभाळतो, वीज नसताना गजर वाजवत नाही. पावसाळ्यात पहाटे लाइट गेले की हा फरक कळतो, त्यापेक्षा आत्ताच कळू दे.

मग आवाज. एफएमसाठी मागची लोंबती तार गुंडाळून ठेवू नका. साधारण पाऊण मीटर सरळ पसरा, शक्यतो खिडकीकडे. मावशीच्या घरी ती पडद्याच्या दांडीवर टेपनं चिकटवल्यावर खरखर गेली. मध्यम लहरींचा अँटेना सेटच्या पोटातच असतो आणि त्याला दिशा असते, म्हणून सेट जागच्या जागी हळूहळू वळवून बघा. तरीही घूं-घूं येत असेल तर खोलीतले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून बंद करा. आमच्याकडे दोषी निघाला पलंगाशेजारचा मोबाइल चार्जर. तो काढला आणि निवेदिकेचा आवाज एकदम खोलीत आल्यासारखा स्वच्छ झाला.

रात्री आकड्यांचा उजेड डोळ्यांवर येतो का, हे झोपणाऱ्यालाच विचारा. उजेड कमी करायची सोय नसेल तर काळ्या पारदर्शक कागदाचा तुकडा लावला तरी भागतं.

शेवटी एका चिठ्ठीवर स्टेशनांचे आकडे, गजराची वेळ आणि सेल कधी बदलले ती तारीख ठळक अक्षरांत लिहून सेटच्या तळाला चिकटवा. खोकं आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर राहू दे.