सर्वेक्षण की मुलाखती? संशोधन सुरू करताना या चुका टाळा

एम.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा पीएच.डी.चं काम हाती घेतलं की अनेक जण आधी गूगल फॉर्म उघडून बसतात. विषय ठरलेला असतो, पण प्रश्न ठरलेला नसतो, आणि पुढची बरीच दुखणी इथूनच सुरू होतात.

'बचत गट आणि महिला सक्षमीकरण' हा झाला विषय. 'गटातल्या किती जणींनी व्यवसायासाठी कर्ज घेतलं?' याचं उत्तर मोजून मिळतं, ते संख्यात्मक पद्धतीचं काम. 'कर्जाचे पैसे घरात आल्यावर ते कशावर खर्चायचे, हे कोण ठरवतं आणि कसं?' यासाठी निवांत बसून ऐकावं लागतं, म्हणजे गुणात्मक पद्धत. एका प्रबंधात दोन्ही चालतात. फक्त कोणता प्रश्न कशाने सोडवायचा, हे आधी कागदावर उतरवा.

प्रश्नावलीत सर्रास दिसणारा प्रश्न बघा: 'गटाच्या बैठका नियमित होतात आणि त्यात तुमचं मत विचारात घेतलं जातं का? होय/नाही.' बैठका होतात, पण मत कुणी विचारत नाही, अशा बाईने कुठे खूण करायची? शिवाय 'नियमित' म्हणजे कुणाला आठवड्याला, कुणाला महिन्याला. त्याऐवजी असं विचारा: 'मागच्या तीन महिन्यांत किती बैठका झाल्या?', 'त्यांतल्या किती बैठकांत तुम्ही स्वतः बोललात?' फॉर्म भरून झाल्यावर ही चूक लक्षात आली, तर ती उत्तरं मागाहून वेगळी करता येत नाहीत. तो प्रश्न विश्लेषणातून वगळा आणि वगळल्याचं अहवालात लिहा. हे टाळायचं तर आधी दहा-पंधरा जणींकडून प्रश्नावली भरून घ्या आणि प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय कळलं, ते विचारा.

नमुना, म्हणजे प्रश्न विचारण्यासाठी निवडलेली माणसं, मोठा असला की झालं, असं मानणं घातक आहे. 1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने लोकांचा कौल घेण्यासाठी पाठवलेल्या नमुना मतपत्रिकांपैकी 20 लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने उमेदवार लँडन यांच्या विजयाचं भाकीत केलं, आणि प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. ज्यांना पत्रिका पाठवल्या त्यांची यादी टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांकडे झुकलेली होती, आणि पत्रिका परत पाठवणारेही सगळ्या मतदारांसारखे नव्हते. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून मिळवलेला नमुना याच जातीचा. तसा डेटा हाती आलाच असेल तर दावा आखडता घ्या. 'जिल्ह्यातील महिला' असं न लिहिता 'फॉर्म भरणाऱ्या महिला' लिहा.

नमुन्यात 384 जण हवेत, या लाडक्या आकड्याचंही तेच. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी, प्रत्येकाला सारखी संधी देणारी) निवड केली, 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरली, तर तो येतो. निवडच यादृच्छिक नसेल, तर त्याला काही आधार उरत नाही.

मुलाखतींत वेगळे खड्डे आहेत. 'तुम्हाला त्रास होतो ना?' असं विचारलं की 'हो' येणारच. 'मागचं कर्ज मिळालं त्या दिवशी काय काय झालं, सांगा' म्हणा आणि गप्प राहा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर पैशाचे प्रश्न पुढच्या भेटीसाठी ठेवा. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्या. सगळ्या मुलाखती उरकल्यावरच वाचायला बसू नका. पहिल्या तीन लिहून काढा, वाचा, मग पुढचे प्रश्न सुधारा. आणि बारा मुलाखतींवरून '67 टक्के महिलांच्या मते' असं लिहू नका. कोण काय म्हणालं आणि कोणत्या परिस्थितीत, ते लिहा.

शेवटी सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलताना दिसणं; त्यावरून एकीमुळे दुसरी घडली, असं ठरत नाही. गटातल्या महिलांचं उत्पन्न जास्त दिसलं, तरी मुळात बऱ्या स्थितीतल्याच महिला गटात आल्या असतील. आधीचं उत्पन्न विचारायचं राहिलं असेल, तर कोण केव्हा आणि कशामुळे गटात आलं, हे निदान काही मुलाखतींतून समजून घ्या. त्यातूनही उलगडा झाला नाही, तर 'गटामुळे उत्पन्न वाढलं' हे वाक्य प्रबंधातून काढा.