मांजर बिमार आहे, कारण सापडत नाही आणि खिशात पैसे बेताचेच, तर काय करायचं

आमच्या मनीचं दुखणं दसऱ्यानंतर सुरू झालं. आठ-दहा दिवसांतून एखादी उलटी, मधेच पातळ शी, मग दोन दिवस चुलीजवळ गुमसुम पडून राहायची अन तिसऱ्या दिवशी उठून असं जेवायची की जसं काही झालंच नव्हतं. तीन आठवड्यांत तीन इंजेक्शनं झाली, अठराशे रुपये गेले, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत जेव्हा घरात मजुरीचे पैसे द्यायचीच मारामार असते. आजी म्हणे, "मांजराले का दवाखाना रायते का वं? उद्या उंदीर धरंन अन होईन बरी." आता आजीचं सगळं चूक होतं असं नाही, पण पैसे वाया गेले ते दवाखान्यामुळे नाही तर मी तिथं रिकाम्या डोक्यानं गेले म्हणून. डॉक्टर विचारत "काय होते हिले?" आणि मी सांगे "बरी नाही वाटत साहेब". एवढ्यावरून कोण काय ओळखणार. जनावर बोलत नाही अन मालकालाही सांगता येत नाही, मग अंदाजानं सुई लागते.

म्हणून पहिला खर्च दहा रुपयांच्या वहीचा. रोज दोन ओळी लिहायच्या, काय खाल्लं, किती खाल्लं, उलटी झाली का आणि त्यात काय होतं, शी कशी होती, सू किती वेळा, पाणी नेहमीपेक्षा जास्त पिते का, बाहेर कुठं गेली होती, गावात फवारणी चालू होती का. मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून ठेवायचा, कारण दवाखान्यात नेलं की मांजर भीतीनं एकदम ताठ बसते आणि आपण सांगतो ते काहीच दिसत नाही. शी-सू बाहेर करत असेल तर बिमारीपुरतं घरात ठेवून एका घमेल्यात वाळू किंवा माती टाकून द्या, नाहीतर लिहायला काही सापडणारच नाही.

वजन महत्त्वाचं आहे आणि त्याला काही नवीन घ्यावं लागत नाही. आपल्याकडं वेचणी किलोवर असते त्यामुळे कापूस मोजायचा काटा घरोघरी लटकलेला असतोच, मांजर कापडी पिशवीत घालायचं, तोंड बाहेर ठेवायचं, पिशवी काट्याला अडकवायची आणि पिशवीचं वजन वजा करायचं. शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर चालते. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम कमी झालं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो उतरल्यासारखं आहे, केसांमुळे ते डोळ्याला दिसत नाही पण काटा सांगते.

ताप हाताला लागत नाही. कान गरम आहेत म्हणून ताप, नाक सुकं आहे म्हणून ताप, हे सगळं सोडून द्या. मेडिकलमधून साधं डिजिटल थर्मामीटर आणा, मांजरासाठी वेगळं ठेवा, टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात हळूच थोडंसं आत घालायचं, एकानं टॉवेलात धरायचं. मांजराचं नॉर्मल १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते. म्हणजे १०१.५ आलं तर आपल्या हिशोबानं ताप आणि तिच्या हिशोबानं काहीच नाही, आणि नेमकं इथंच लोकं घोळ करतात, घरातली तापाची गोळी चतकोर करून दुधात देतात.

ते करू नका. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो, जे काय नाव असेल ते, मांजराला विष आहे. ते पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच, रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, तोंड सुजते, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजर मारायला पुरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, आणि गोठ्यात म्हशीसाठी आणून ठेवलेलं दुखण्याचं इंजेक्शन, हेही मनानं नाही. कुत्र्याच्या गोचीड-पिसवांचं औषधही नाही, त्यात पर्मेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात. आमच्या मावशीनं जंतावर लसूण सांगितला होता, लसूण आणि कांदा दोन्हीनं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कापूर, डांबर गोळी, रॉकेल पण त्याच यादीत. फिनाईलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालली की नंतर पाय चाटते, म्हणजे तिनं ते प्यायल्यासारखंच झालं.

आता वही-बिही बाजूला ठेवून लगेच पळायचं कधी तेही सांगते, कारण काटकसर करायच्या नादात इथंच जीव जातो.

सगळ्यात आधी बोका. बोका पुन्हा पुन्हा सू करायला बसतो, कण्हतो, चाटत राहतो आणि थेंब येत नाही, तर सूची वाट बंद झालेली असू शकते आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. आमच्या शेजारच्या भुऱ्याला असं झालं होतं, त्यांना वाटलं बद्धकोष्ठ आहे, एरंडेल पाजलं, सकाळपर्यंत पाहू म्हणाले. सकाळी उलट्या करत होता, दुपारी गेला. तसं पाहिलं तर बसायची ढब दोन्हीत सारखीच असते म्हणून चूक होते, पण बोक्याच्या बाबतीत सू झाली की नाही हे घमेल्यातल्या वाळूत बघितल्याशिवाय बद्धकोष्ठ म्हणायचं नाही. अशा वेळी दीडशे किलोमीटर जायची गाडी करायची पाळी आली तरी तो पैसा बरोबर जागी जातो.

दुसरं, तोंड उघडून श्वास घेणं. कुत्रा धापा टाकतो ते वेगळं, मांजर बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेत असेल तर मामला गंभीर. झोपलेली असताना अर्धा मिनिट छाती किती वेळा वर येते मोजून दुप्पट करा, तीसच्या आत पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसला जातो आणि टिनाच्या घरात मांजराला उष्माघात होतो, तेव्हा ओलं फडकं, पंखा, सावली हे आधी, बर्फाचं पाणी ओतायचं नाही, आणि तसंच घेऊन निघायचं. हिरड्या पांढऱ्याफटक, पिवळ्या किंवा निळ्या, मागचे पाय ओढत चालणं, झटके, पावसाळ्यात साप चावल्याचा संशय, हे सगळं याच्यातच धरा. आणि एक-दीड दिवस काहीच खाल्लं नाही तरी निघायचं, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली की चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते, जाडी असली तर लवकरच, मग मूळ दुखणं बाजूला राहते अन हे नवीन मागं लागते.

फवारणीच्या दिवसांबद्दल थोडं जास्त सांगायचं आहे. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, ते सगळ्यांना आठवते. माणूस निदान हातपाय धुतो, मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मांजर अचानक लाळ गाळायला लागली, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी झाली, अंग थरथरते, जुलाब होतात, तर ते "अचानक काहीतरी झालं" नसते, औषध असते. बाटलीच्या लेबलचा फोटो काढा आणि सोबत न्या, कारण काही विषांवर उतारा असतो पण कोणतं विष ते कळायला पाहिजे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. उंदरांच्या औषधाचंही तसंच, पाकीट फेकू नका. फवारणीचा पंप, मोकळे डबे, फवारणीचे कपडे मांजर जिथं झोपते तिथून लांब ठेवा, आमच्या घरी ते सगळं पडवीत एकाच कोपऱ्यात होतं आणि मनी त्याच पोत्यावर झोपायची, हे मला वही लिहायला लागल्यावर दिसलं.

यातलं काहीच नसेल तर मग स्वस्तातून महागाकडं जायचं. आधी अंगावरून हात फिरवा, दुखरी गाठ किंवा छोटीशी खपली सापडते का. कारण न कळणाऱ्या तापाचं मोठं कारण म्हणजे मांजरांची भांडणं, दाताचं भोक लगेच बुजते अन आत पू होतो. तोंड बघा, घाण वास, लाळ, एकाच बाजूनं चावणं म्हणजे दात. कानात कॉफी पावडरसारखा काळा मळ म्हणजे बारीक किडे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पट्टकृमी, ते पिसवांतून आणि उंदरांतून येतात. जंताचं औषध वजनावर असते, त्यासाठीच काटा. तेवढं डॉक्टरला विचारून एकदा देऊन घ्या, बरंच कोडं तिथंच सुटते.

मग खाणं. गावात मांजर म्हणजे दूध-पोळी, आणि यात दोन भानगडी आहेत. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब होतात. वहीत मागं जाऊन पाहिलं तर आमची म्हैस दसऱ्याच्या आसपास व्याली होती, घरात दूध भरपूर झालं आणि सगळे जण मनीला वाटीभर टाकायला लागले, आई वेगळी, मी वेगळी, आजी तर लपून. दूध बंद केलं आणि आठवड्यात शी बांधून आली. अठराशे रुपयात जे झालं नाही ते दहा रुपयांच्या वहीनं झालं, आजीला अजून पटलेलं नाही ती गोष्ट वेगळी. दुसरी भानगड टॉरिनची. टॉरिन म्हणजे मांजराच्या अंगाला लागणारा एक अन्नघटक, हे मांजराला मांसातूनच मिळते, नुसत्या दूध-पोळीवर ठेवलं तर काही महिन्यांनी डोळे आणि हृदय खराब होतं अन तेव्हा कारण शोधत बसावं लागते. महागडी पाकिटं लागत नाहीत, चिकनवाल्याकडून कोंबडीची हृदयं स्वस्तात मिळतात, त्यात टॉरिन चांगलं असते, बिनमिठाची उकडायची आणि ते पाणीही द्यायचं कारण उकडताना बरंचसं पाण्यात उतरते. सुकट द्यायची तर भिजवून मीठ काढून. कलेजी रोज नको. बिमार मांजराला खाणं कोमट करून द्या, वास आला की तोंड लावते.

दवाखाना. गावाजवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आधी, फी नाममात्र असते. तिथल्या डॉक्टरचा दिवस गाई-म्हशी-बकऱ्यांत जातो, त्यामुळे लाजायचं नाही, "साहेब हे औषध मांजराले चालते ना, वजन इतकं आहे" असं सरळ विचारायचं आणि दिलेल्या इंजेक्शनचं नाव वहीत लिहून घ्यायचं, पुढचा डॉक्टर पहिली गोष्ट तीच विचारतो. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, पण जवळ कोण आहे हे विचारायला पैसे लागत नाहीत. त्याच्या पुढं नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, तिथं शिकवायचे दवाखाने आहेत. निघायच्या आधी फोन करून वेळ विचारा, बस बदलत जाऊन बंद दार पाहायचं दुःख मला माहीत आहे. न्यायला भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर उलटे ठेवून सुतळीनं बांधायचे, आत तिचंच जुनं फडकं, वरून ओढणी. पोत्यात बांधून नेऊ नका, उन्हाळ्यात गुदमरते.

पैशाचं आधीच बोला. "साहेब माझ्याकडं हजार रुपये आहेत, यात पहिले काय करायचं?" यात कमीपणा काही नाही, उलट डॉक्टरलाही निवडायला सोपं जाते. आणि प्रत्येक टेस्टआधी एक प्रश्न विचारा, रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे का? तेच राहणार असेल तर ती टेस्ट सध्या राहू द्या. शीची तपासणी सगळ्यात स्वस्त, नंतर रक्त, म्हातारी मांजर जास्त पाणी पिऊन जास्त सू करत असेल तर किडनी आणि साखर आधी. एक्स-रे, सोनोग्राफी त्याच्यानंतर.

मांजर एकदम वेगळीच वागायला लागली, विनाकारण अंगावर येते, गिळता येत नाही, तर तोंडात बोट घालून बघू नका, रेबीज मांजरालाही होतो. कधीही चावली-ओरबाडली तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या, फुकट आहे.

मनीच्या उलट्यांचं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. शी ठीक झाली, वजन परत आलं, जंताचं झालं, रक्त नॉर्मल, तरी महिन्यातून एखादी उलटी होते. डॉक्टर म्हणाले वजन टिकून आहे आणि खाते-पिते तोवर बघत राहू, तर आम्ही बघत राहतो. उलटी झाली की दोन-तीन तास खाणं नाही, पाणी समोर, मग थोडं थोडं उकडलेलं चिकन. एका दिवसात तीनदा झाली किंवा वजन दोनशे ग्रॅमनं उतरलं की दवाखाना, हे ठरवून भिंतीवर लिहून ठेवलं आहे म्हणजे रात्री अकराला घरात वाद होत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी काट्यावर वजन करतो. आता ती पिशवी पाहूनच माळ्यावर पळते, म्हणून आधी मनी धरायची अन मगच पिशवी काढायची.