राजधान्या पाठ करून भूगोल येत नाही, माझं ऐका

जगाचा भूगोल नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहितोय. मी पहिला महिनाभर नुसत्या राजधान्या घोकल्या, शंभरेक तोंडपाठ झाल्या, आणि एकाने सहज विचारलं की इथिओपियाला समुद्रकिनारा आहे का, तर आपली बोलती बंद. (नाहीये. १९९३ ला इरिट्रिया वेगळा झाला आणि सगळा किनारा तिकडे गेला.)

मग यादी फेकली आणि रोज एक नकाशा हाताने काढायला लागलो, न बघता. पहिल्या दिवशी आफ्रिका बटाट्यासारखा आला, येऊ दे. आधी फक्त पाणी भरायचं, देश नंतर. पॅसिफिक साधारण साडेसोळा कोटी चौरस किमी, जगातली सगळी जमीन गोळा केली तरी १५ कोटीच्या आतच. नुसता आकडा वाचून हे डोक्यात शिरत नाही, ग्लोब घ्या, हवाई बेटं डोळ्यासमोर धरा, जवळजवळ सगळं निळंच दिसेल. भिंतीवरच्या नकाशावर फार विश्वास ठेवू नका, मर्केटर नावाच्या नकाशाकाराची ती पद्धत १५६९ ची, खलाशांना दिशा कळावी म्हणून केलेली, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि खरं बघितलं तर आफ्रिका त्याच्या १४ पट आहे.

पाण्यात पण अरुंद जागा आधी धरा. होर्मुझ, बाब-एल-मांदेब (तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड) आणि मलाक्का या सामुद्रधुन्या, सुएझ आणि पनामा हे कालवे. बातम्यांमधलं अर्धं जग इथेच अडकलेलं असतं. २०२३ च्या शेवटी येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, हे ज्याने बाब-एल-मांदेब स्वतः काढलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. पनामाची तर गंमतच, कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला आहे, मी दोनदा उलटं काढलं.

लोकसंख्येला फार वेळ देऊ नका, जोड्या लावा. रशिया १.७१ कोटी चौरस किमी, बांगलादेश दीड लाखाच्या आत, आणि माणसं बांगलादेशात जास्त. एवढ्यात घनता म्हणजे काय ते कळतं.

आता देशादेशांमधली भांडणं. यांच्या तारखा पाठ करायला जाल तर वेडे व्हाल. एकच घ्या, नीट घ्या. मी नाईल घेतली. इजिप्तची जवळपास सगळी वस्ती नदीकाठच्या पट्ट्यात आणि त्रिभुज प्रदेशात, बाकी वाळवंट. पण तिथे पोचणारं सुमारे ८५ टक्के पाणी येतं इथिओपियाच्या डोंगराळ भागातून. १९५९ च्या करारात इजिप्तला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर पाणी, सुदानला १८.५, आणि इथिओपिया त्या करारात नव्हताच. त्याच इथिओपियाने २०११ ला ब्लू नाईलवर (नाईलच्या दोन मुख्य उपनद्यांपैकी एक) प्रचंड धरण बांधायला घेतलं, मग इजिप्तचा जीव वर-खाली होणारच ना. पाऊस, वस्ती, सीमा, राजकारण सगळं एकाच रेषेवर बसलं माझ्या.

म्हणून आता नाईल काढताना मी शेवटाकडून, म्हणजे समुद्राकडून सुरुवात करत नाही. इथिओपियातलं ताना सरोवर, जिथून ब्लू नाईल निघते, तिथून वळसा घेऊन सुदानची राजधानी खार्तूम, तिथे दुसरी उपनदी व्हाइट नाईल येऊन मिळते, मग उत्तरेला. व्हाइट नाईल अजून वाकडीच येते माझी.