पापुद्रे मोडायचे तर आधी थर्मामीटर

लिक्विड क्रिस्टलचे पापुद्रे किती व्होल्टला मोडतात ते पाहण्याच्या या प्रयोगाच्या तयारीत पहिली वस्तू थर्मामीटर. फंक्शन जनरेटर, अ‍ॅम्प्लिफायर, पोलरॉइड (एकाच दिशेत कंपणारा उजेड जाऊ देणाऱ्या पट्ट्या) वगैरे जमवाजमव नंतर. पुण्या-मुंबईच्या एसी प्रयोगशाळेत हा क्रम उलटा चालत असेल, पण जळगावात चालत नाही. कारण आपण वापरणार तो लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण रेणू शिस्तीत ठेवणारा पदार्थ, आहे ८सीबी. २१.५ अंशांच्या खाली तो घन असतो. तिथून ३३.५ पर्यंत स्मेक्टिक ए, म्हणजे पापुद्र्यांचा, रेणू थरांत रचलेले. ३३.५ ते ४०.५ नेमॅटिक, रेणू एका दिशेने उभे, पण पापुद्रे गेलेले. त्यापुढे नुसता द्रव. आता आपलं हवामान आठवा. जानेवारीच्या पहाटे बाटलीत गोठून बसलेला ऐवज मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत तेलासारखा वाहतो. म्हणून महिना निवडणं हेही तयारीतच धरा. पावसाळा सरल्यावरचे दिवस किंवा फेब्रुवारीची सकाळ उत्तम. मे निवडलात तर सूक्ष्मदर्शकाची नमुना ठेवायची पाटी (स्टेज) थंड ठेवायची सोयही करावी लागेल.

एका एप्रिलमध्ये आम्ही दीड तास काळ्या पडद्याकडे बघत बसलो होतो. दिवा बदलला, पोलरॉइड फिरवून पाहिले, एक पोरगा म्हणाला, ‘काहीच दिसत नाही भो.’ शेवटी स्टेजवर थर्मामीटर टेकवला तर ४२. हॅलोजनची ऊब त्यात मिळालेली. साधा द्रव आडव्या-उभ्या पोलरॉइडमध्ये काळा दिसतो. पंचाईत अशी की पापुद्रे काचेला समांतर आणि रेणू काचेवर उभे असतील तरी चित्र काळंच दिसतं. दोन्ही काळ्यांतला फरक ओळखायला काडीने वरची काच हलकी दाबा. पापुद्रे असतील तर क्षणभर उजेड चमकतो, द्रव असेल तर ढिम्म.

आता काचा. आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) पारदर्शक वाहक थर असलेल्या दोन काचा घ्या. साबण, पाणी, अ‍ॅसिटोन अशा क्रमाने धुवा आणि झाकून वाळवा, कारण आपल्याकडची उन्हाळी धूळ २५ मायक्रॉनच्या फटीत शिरली की तिथूनच दोष सुरू होतात. वाहक बाजू कोणती ते मल्टिमीटरने पाहून कोपऱ्यावर खूण करा. ही खूण न केल्याने वाया गेलेल्या काचा मी मोजणं सोडून दिलं आहे. त्या बाजूवर पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा पातळ लेप द्यायचा आणि मखमलीने एकाच दिशेने घासायचा. दोन काचांमध्ये मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) पट्ट्या, की झाला सेल. रिकाम्या सेलची धारिता (कपॅसिटन्स) मोजून ठेवा: एक चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि २५ मायक्रॉन अंतर असेल तर साधारण ३५ पिकोफॅरड यायला हवेत. बरंच कमी-जास्त आलं तर जाडी चुकली आहे.

भरताना सेल ४५ अंशांवर ठेवा, थेंब कडेला लावा, तो आपोआप आत ओढला जातो. मग थंड करायचं, आणि इथे घाई करणाऱ्याने हा प्रयोग घेऊच नये. ३३.५ च्या आसपास मिनिटाला अंशाच्या दहाव्या भागाने उतरा. पापुद्रे काचेला काटकोनात, कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे राहतात. प्रत्येकाची जाडी सुमारे तीन नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात तीन लाखांवर पापुद्रे. मध्येच लाइट गेली तर हीटर बंद पडून रचना बिघडते, तेव्हा हीटर यूपीएसवरच हवा.

मोडायचं म्हणजे काय, ते समजून मग बटणाला हात लावा. मांड्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. मांडा हवा तसा वाकतो, पण चवड दाबून दोन मांड्यांतलं अंतर बदलायला गेलात तर ती दाद देत नाही. पापुद्र्यांचंही तसंच: वाकणं स्वस्त, अंतर बदलणं महाग. विद्युतक्षेत्र रेणूंना आपल्या दिशेने वळवू पाहतं, रेणू पापुद्र्याला बांधलेले, म्हणून ताण वाढला की पापुद्रे लाटा घेतात. भौतिकशास्त्रज्ञ हेल्फ्रिख यांनी १९७० मध्ये कोलेस्टेरिकसाठी, म्हणजे रेणू मळसूत्रासारखे फिरत जाणाऱ्या लिक्विड क्रिस्टलसाठी, हे मांडलं, ह्यूरो यांनी १९७३ मध्ये पुढे नेलं. लाटेची लांबी थराची जाडी आणि काचांतलं अंतर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या पटीत येते. स्मेक्टिकमध्ये ५० मायक्रॉनच्या सेलला ती जेमतेम एक मायक्रॉन भरते, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाची परीक्षा बघणारी. लाटा ठळक बघायच्याच असतील तर पाचेक मायक्रॉन पिचचा (मळसूत्राच्या एका फेऱ्याच्या लांबीचा) कोलेस्टेरिक घ्या, चौकटीची जाळी स्वच्छ दिसते. आपल्या उभ्या पापुद्र्यांच्या सेलमध्ये लाटांची आशा धरू नका. तिथे पंख्यांसारखी नक्षी उमटते आणि शेवटी काळोख होतो. तोच सेल ३६ अंशांवर नेमॅटिक असताना व्होल्टभरात वळतो. पापुद्रे आले की व्होल्टेज कैक पटींनी चढवावं लागतं.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायर शंभर-दीडशे व्होल्ट देणारा लागेल, आणि तारा जोडताना तो बंदच ठेवा. डीसी अजिबात नको, आयन इलेक्ट्रोडला जाऊन पदार्थ खराब करतात. एक किलोहर्ट्झचा एसी वापरा. फार कमी फ्रीक्वेन्सीवर आयनच खळबळ माजवतात आणि सेल दुधाळ होतो. तो परिणाम वेगळा, आपल्या आकड्यांत मिसळू देऊ नका.

राहिली एक गोष्ट. एकदा मोडलेली रचना व्होल्टेज काढल्यावर परत येत नाही. प्रत्येक वाचनाआधी सेल ३६ पर्यंत तापवून पुन्हा तितक्याच सावकाश उतरवावा लागतो, म्हणजे दिवसाला चार-पाच वाचनं, फार तर सहा. डबा बरोबर आणा.